सारवलेलं अंगण

उमरेडहून नागपूरला येताना बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. नणंद गणिताची प्राध्यापक होती, हे बोलण्यावरून कळलं.

“वहिनी, मी भेगांभोवती सुतळी बांधून गेली होती. तरी अंगण काहून सारवलं?”

“माह्या उन्नतीले पाहाले पाहुणे आले होते, मयुरा. फाटलेलं अंगण दाखवू का त्यायले?”

“तीस वर्षांपासून मी भेगा मोजून राहिली. तळ्याच्या, कोळशाच्या, भिंतीच्या. साऱ्यायचा नियम एकच निघते. माह्या पुस्तकात आपल्या अंगणाचंच पान राहिलं होतं. अर्ध्याच भेगा मोजून झाल्या होत्या.”

“नियम एकच निघते ना? मंग बाकीच्या अंदाजानं लिही.”

“आजपर्यंत एक आकडा अंदाजानं नाही लिहिला. आता घरच्याच अंगणाचा लिहू?”

“मंग लिही, भावजयीनं सारवलं.”

“तेच लिहीन. नावासकट.”

“पुरं नाव टाकजो, देवकी रामाजी ठवकर. अन् हेही लिहिजो, का तीन हप्ते नणंद अंगणात बसून राहिली, पण आपला चहाचा कप एक दिवस नाही विसळला.”