ड्रॅगनचे खवले

टूथपेस्टची रिकामी ट्यूब. नातीचं तापलेलं कपाळ. म्हातारीच्या तोंडातला एकुलता एक दात.

ग्वांगचौच्या बाजारात, जुन्या नाण्यांच्या दुकानी, म्हातारा-म्हातारीच्या मागे रांगेत उभी असलेली सुयिंग ऐकत होती.

"मालक, ड्रॅगनवालं चांदीचं नाणं आहे. विकून हिला कवळी बसवायचीय."

"अस्सल आहे, आजोबा. पण खवले पार झिजलेत."

"झिजणारच! घरात कुणाला ताप आला की मी हे उकडलेल्या अंड्यात खुपसते, फडक्यात बांधते आणि अंगावरून फिरवते."

"आजी, झीज एक वेळ चालली असती. जुनी काळपट झाक बघूनच हौशी लोक किंमत देतात. तीच घासून काढलीत. आता नुसता चांदीचा भाव."

"कशानं घासलंस गं, फुंग?"

"टूथपेस्टनं. काल."

"तोंडात दात एक, आणि टूथपेस्ट नाण्याला!"

"चारचौघांत जायचं तर तोंड नको धुवायला ड्रॅगननं?"

"आता तुझी कवळी?"

"राहू द्या. पेज गिळायला दात कशाला? चला, नात तापानं फणफणलीय."

"म्हणजे विकायचं नाही?"

"एवढ्याशा भावात? छे!"

सकाळी घरून निघण्यापूर्वीच फुंगने एक अंडं उकडून ठेवलं होतं.