भाजलेलं बियाणं

हॅलो? …हॅलो! कोण, मोती? मोठ्यानं बोल, दिकरा, आईला ऐकू येत नाही! …हो, हो, तुझी तार मिळाली, म्हणून तर गाडी जुंपून प्रकाश्याहून इथं नंदुरबारला कापसाच्या जिनात फोनवर आले. मगन मुनीम कान टवकारून बसलाय समोर…

…नाही, तुझा दुसरा साखरपुडा उद्याच! शहाद्याची पोरगी हाडापेरानं मजबूत आहे. …अरे, तुझ्या बायकोची, जसोदाची कूस उजवायची किती वाट बघायची? रोज संगमावरच्या देवळाला ओल्या लुगड्यानं फेऱ्या घालते बिचारी… आलीय ना, दारात उभी आहे.

…काय? दोष तिचा नाही? मग कोणाचा, माझा?

…थांब. मगनभाऊ, जरा बाहेर कापूस बघून या. …जा म्हटलं ना!

हं, बोल. …तुमच्या प्रयोगशाळेतल्या त्या एक्सऱ्याच्या यंत्रानं? …उंदरांवर, सशांवर, मेंढ्यांवर किरण सोडता, ते सांगितलं होतंस… मेंढा चढतो, पण मेंढी गाभण राहत नाही? अगं माय!

…हळू सांग. तयार बीज थोडे दिवस चालतं, मग मागून नवं येतच नाही… म्हणजे शेतात उभं पीक दिसतं, पण कणगीतलं बियाणं भाजलेलं. …कळतं रे! सरकी पेरत म्हातारी झाले मी.

मग परत उगवतं का? …उंदराचं लवकर… मेंढ्याला जास्त वेळ… आणि माणसाचं?

…डॉक्टरलाही सांगता येत नाही? …तुझं बीज काचेखाली बघितलं? …काहीच नाही?

…मोती. अरे, रडतोस काय? तुला कोणी उणं बोललं तर त्याची जीभ हासडीन मी. पण मेंढ्याला फळीवर बांधून तू शेजारीच उभा राहायचास? येडा कुठला! …हो, शिशाच्या पत्र्यामागं उभा राहा. तुला माझी शपथ.

…बरोबर. एखादं बी वाचलं असेल तर उगवेल. नाही उगवलं तर नाही. सून माझी आहे ना? बस.

थांब, देते तिला. जसोदा, इकडं ये… पदर सार, बाई, इथं कानाला लाव… अगं, उलटं धरलंस! आण इकडं… मोती? हॅलो? हॅलो?

…फोन कापला मेल्यांनी.

गप, रडू नकोस. आणि आजपासून फेऱ्या बंद, ऐकलंस? जा, बैल जुंपायला सांग. शहाद्याला जायचंय, साखरपुडा मोडायला. …तू पुढं बस गाडीत, माझ्याजवळ.