खिडकीतली बरणी

मेहुणा : मी आत येणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

भावोजी : तुला आत ये म्हटलंय कुणी? तू इथे स्कूटरपाशी उभा राहा. तुझी ताई येताना दिसली की हॉर्न वाजव.

मेहुणा : आणि हॉर्न ऐकून तुम्ही काय करणार? माशांच्या टाकीत लपणार?

भावोजी : दात काढू नकोस.

मेहुणा : नाही, पण बायकोवर पाळत ठेवायला तिच्याच सख्ख्या भावाला बरोबर आणणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. फोनवर काय म्हणालात? ‘स्कूटर घेऊन ये, अर्जंट आहे.’ मला वाटलं, कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय.

भावोजी : मीच अडकलोय असं समज.

मेहुणा : अहो, ताई या वेळी चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत असते. ती कशाला येतेय इथे, या शोभेच्या माशांच्या दुकानात?

भावोजी : आज नाहीच येणार, हॉर्न आपला खबरदारी म्हणून. शनिवारी येते. दर शनिवारी. दुपारी कामावरून घरी येते, तोंड धुते, केस विंचरते आणि निघते. ऐकलंस ना? केस विंचरते. मासेवाल्याकडे जायला.

मेहुणा : न विंचरता गेली असती तर तुम्हीच म्हणाला असता, कशी अवतारात बाहेर पडते.

भावोजी : आणि जाते कशासाठी? शेवाळासाठी. जिन्यावरचं शेवाळ आपण खराट्याने घासून काढतो. ही त्याचा गोळा बरणीत घालून फळीवर ठेवते आणि त्याचं कोडकौतुक करते.

मेहुणा : तो तर छकुलीने दिलाय ना? शिकायला गेली तेव्हा?

भावोजी : लेकीने दिलाय, मान्य. लेकीची आठवण, तेही मान्य. पण तू बघितलं नाहीस ती काय करते ते. गोळा परातीतल्या पाण्यात घेते, दोन्ही तळव्यांत धरते, आणि असा हळूहळू फिरवत बसते. तोंडाने काहीतरी गुणगुणत. माझा हा उजवा खांदा कधीपासून धरलाय. कामावर लिफ्टची मोटार उचलताना लचकला. त्याला कुणी हात लावलाय?

मेहुणा : दुखतोय म्हणून सांगितलंत तिला?

भावोजी : सांगायला कशाला हवं? शर्ट घालताना मी कण्हतो. कान आहेत ना तिला?

मेहुणा : थोडक्यात, तुम्ही शेवाळावर जळताय.

भावोजी : शेवाळावर नाही, शेवाळवाल्यावर. परवा भांडी घासता घासता एकटीच हसली. विचारलं, काय झालं? तर म्हणे, ‘काही नाही, दुकानातलं.’ मला वाटलं चष्म्याच्या. तर म्हणे, ‘नाही हो, त्या दुकानातलं.’ त्या! माझ्याबरोबर ती शेवटची कधी हसली, मला तरी आठवत नाही. लेक गेल्यापासून आमच्या घरात दोनच वाक्यं बोलली जातात. ‘वाढू का?’ आणि ‘दिवा घालवा.’

मेहुणा : मग सरळ भांडा ना एकदा.

भावोजी : काय म्हणून भांडू? शेवाळ का फिरवतेस म्हणून? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. मी माझ्या परीने बंदोबस्त केलाय.

मेहुणा : कसला बंदोबस्त?

भावोजी : कुणाला सांगणार नाहीस?

मेहुणा : नाही सांगत. ताईलासुद्धा नाही.

भावोजी : त्या गोळ्याला ऊन सोसत नाही. लेक फोनवर आईला सांगत होती, ते मी ऐकलं. तर सकाळी तुझी ताई बाहेर पडली की मी बरणी फळीवरून उचलतो आणि खिडकीत ठेवतो. भर उन्हात. दुपारी ती यायच्या आत परत फळीवर.

मेहुणा : रोज?

भावोजी : तिला सुट्टी असते तेव्हा सोडून.

मेहुणा : कमाल आहे. जळताय तुम्ही आणि भाजताय त्याला.

भावोजी : पण मरत नाही रे तो. शुक्रवारपर्यंत एका बाजूने चांगला तपकिरी पडतो, मला जरा बरं वाटतं. रविवारी बघावं तर पुन्हा हिरवागार. जसा काही आजच जन्मलाय. असलं चिवट शेवाळ मी आयुष्यात पाहिलं नाही.

मेहुणा : काचेतून दिसतोय तो का मासेवाला? निळ्या शर्टातला? माणूस बरा आहे की दिसायला.

भावोजी : बरा म्हणजे?

मेहुणा : म्हणजे... केस आहेत.

भावोजी : स्कूटर सांभाळ.

(दुकानाचं दार उघडतं आणि मागे लागतं. आत पंपांची घरघर, पाण्याचे बुडबुडे.)

दुकानदार : या. काय दाखवू?

भावोजी : तुमचा तो कोपऱ्यातला पंप खडखडतोय.

दुकानदार : कोणता?

भावोजी : डावीकडचा. आतलं रबर गेलंय. आजच बदला, नाहीतर पंपच जाईल.

दुकानदार : बदलतो. बरं झालं सांगितलंत. आणखी काय हवं होतं?

भावोजी : ते आपले... गोळे. शेवाळाचे.

दुकानदार : मॉस बॉल. या असे, या खालच्या टाकीत आहेत. आधी कधी ठेवलेत का?

भावोजी : छे. आमच्याकडे असलं काही... म्हणजे ठेवायचा विचार आहे.

दुकानदार : मग नीट ऐकून घ्या, कारण लोक नेतात आणि विसरतात. याला खायला काही लागत नाही, माती लागत नाही. गार पाणी लागतं आणि सावली. आणि कुणीतरी अधूनमधून फिरवायला हवा.

भावोजी : फिरवायचा कशाला? त्याला काय चक्कर यायची हौस आहे?

दुकानदार : तळ्यात असतो तेव्हा लाटा त्याला लोळवतात, म्हणून तो गोल राहतो. बरणीत लाटा कुठून येणार? एका जागी पडून राहिला की खालची बाजू उजेडावाचून फिकी पडते, आकार बसका होतो. घरात कुणी आपल्याकडे वळूनच पाहिलं नाही तर माणूसही बसकाच होतो.

भावोजी : हे तुमचं वाक्य?

दुकानदार : नाही. एक बाई येतात, त्यांचं आहे.

भावोजी : कोण बाई?

दुकानदार : येतात एक. शनिवारी.

भावोजी : बऱ्याच बोलतात वाटतं.

दुकानदार : पुष्कळ. सुरुवातीला महिन्यातून एखाद वेळी यायच्या, पाण्याचं विचारायच्या आणि जायच्या. आता दर आठवड्याला येतात. खोटं कशाला बोलू, शनिवारी दुपारी मीही दाराकडे बघत असतो.

भावोजी : तुम्ही का बघत असता?

दुकानदार : एकटा माणूस आहे मी. दिवसभर मासे तोंड उघडतात, मिटतात, बोलत कुणी नाही. त्या आल्या की दुकानात आवाज होतो.

भावोजी : आणि त्या पडद्यामागच्या टबात काय आहे?

दुकानदार : ते विकायचे नाहीत.

भावोजी : गोळेच आहेत ना? बघू. हा तपकिरी झालाय. हाही. हे सगळे एकाच बाजूने कसे काय भाजलेत?

दुकानदार : ते त्या बाईंचे आहेत. दवाखाना आहे तो. कुणीतरी रोज त्यांची बरणी उन्हात ठेवतं. दुपारी त्यांनी आल्यावर हात घातला तर पाणी कोमट. आठवडाभर हे चाललं की गोळा भाजतो. मग शनिवारी त्या आजारी गोळा इथे आणतात, आणि टबातला बरा झालेला घरी घेऊन जातात. बरा व्हायला वेळ लागतो, म्हणून चारपाच फिरते ठेवलेत आम्ही. आणताना म्हणतात, ‘घ्या, आणखी एक पेशंट.’ आणि हसत सुटतात.

भावोजी : रविवारी हिरवागार.

दुकानदार : काय म्हणालात?

भावोजी : काही नाही. कोण ठेवतं उन्हात, ते नाही विचारलंत त्यांना?

दुकानदार : विचारलं. म्हटलं, घरात लहान मूल आहे का? तर म्हणाल्या, आहे की एक. पन्नाशीचं.

भावोजी : मग त्याला चार शब्द सुनवायचे. हे असं गोळे बदलत बसायचं, हा काय उपाय झाला?

दुकानदार : मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, नको. म्हणाल्या, लेक गेल्यापासून घरात मी कुठे काय ठेवते, काय हाती घेते, इकडे यांचं लक्षच नव्हतं. मी आपली भिंतीतल्या खिळ्यासारखी. आता रोज सकाळी माझी एक तरी वस्तू ते उचलतात आणि माझी यायची वेळ लक्षात ठेवून जागेवर ठेवतात. रागाने का होईना. मी काही बोलले तर तेवढंही बंद व्हायचं.

भावोजी : हे ती तुम्हाला सांगते.

दुकानदार : हो.

भावोजी : मला नाही, तुम्हाला. दुकानात उभं राहून, माशांसमोर.

दुकानदार : तुम्हाला राग येणं बरोबर आहे.

भावोजी : मला कशाला राग येईल? मी आपला गिऱ्हाईक.

दुकानदार : तुम्ही आत आलात तेव्हाच मी ओळखलं. त्यांनी सांगून ठेवलं होतं, एक ना एक दिवस येतील. कुठेही गेले तरी आधी मशीनचा आवाज ऐकतात, मग माणसाकडे बघतात.

भावोजी : असं म्हणाली?

दुकानदार : तुम्ही पंपाचं बोललात तेव्हा माझ्याकडे पाहिलं नव्हतंत.

भावोजी : मग इतका वेळ मला खेळवत का होतात? मजा वाटली?

दुकानदार : थोडी वाटली. थोडा सूडही उगवला म्हणा. अहो, त्या इथे येतात, तासभर बसतात आणि सगळा वेळ तुमच्याबद्दल बोलतात. कोणत्या इमारतीत बंद पडलेल्या लिफ्टमधल्या आजींना तुम्ही फटीतून गोष्ट सांगत बसलात. लेकीला निरोप देताना डोळ्यांत धूळ गेली म्हणालात आणि धूळ कुठेच नव्हती. रात्री खांद्यावर वळता येत नाही म्हणून कण्हता, पण विचारलं तर अंगावर येता, म्हणून त्या विचारत नाहीत. मी ऐकतो आणि मान हलवतो. आता सांगा, कुणी कुणाचा हेवा करायचा?

भावोजी : ...अंगावर कधी आलो मी?

दुकानदार : ते मला काय ठाऊक.

भावोजी : आलो असेन. तो बरा झालेला कोणता? हा? आज मी घेऊन जातो.

दुकानदार : तो नाही देणार. शनिवारी देतो म्हणून सांगितलंय त्यांना.

भावोजी : अहो, मी नवरा आहे तिचा.

दुकानदार : गोळा त्यांचा आहे. पण एक म्हणाल्या होत्या. मी विचारलं होतं, आले तर काय सांगू? तर म्हणाल्या, सांगू काहीच नका. तेवढं मात्र मला पाळता आलं नाही. म्हणाल्या, जमलं तर गोळा फिरवायला शिकवा.

भावोजी : मला?

दुकानदार : बाह्या वर करा. हा घ्या आजारी. पाण्याखालीच धरा. हलकेच दाबा, आतलं घाण पाणी निघू दे. हळू, हळू. नट-बोल्ट नाहीये तो.

भावोजी : एवढा मऊ असतो, मला माहीत नव्हतं.

दुकानदार : आता तळव्यांत फिरवा. तपकिरी बाजू खाली नको, वर राहू दे, तिलाच उजेड हवाय. थोडाच. खांदा दुखतोय का?

भावोजी : दुखतोय. दुखू दे.

दुकानदार : आता सोडा. बुडाला बघा. तुमची बाजू वर आलीये.

भावोजी : हा मी भाजलेला, ना?

दुकानदार : सगळे तुमचेच आहेत.

भावोजी : हं. रबर आहे का तुमच्याकडे पंपाचं? द्या इकडे. दोन मिनिटांचं काम आहे.

दुकानदार : राहू द्या, मी करीन.

भावोजी : द्या म्हणतो ना. शनिवारी ती इथे बोलत बसणार, आणि मागे हे खडखडत राहणार. तिला मोठ्याने बोलावं लागतं मग. घसा बसतो तिचा.

(रस्त्यावर, स्कूटरपाशी.)

मेहुणा : किती वेळ? मला वाटलं, मारामारी झाली. बाह्या ओल्या कशाने?

भावोजी : पाण्याने.

मेहुणा : काय निघालं मग? माणूस कसा आहे?

भावोजी : केस आहेत त्याला. चल, चालू कर.

मेहुणा : अहो, भांडलात का? काय म्हणाला तो? आणि तुम्ही हसताय कशाला?

भावोजी : काही नाही. दुकानातलं.

मेहुणा : हे बरं आहे. इतका वेळ उन्हात उभं करायचं आणि वर काही नाही. एवढं तरी सांगा, उद्या बरणी खिडकीत ठेवणार का?

भावोजी : ठेवणार.

मेहुणा : भावोजी, आता पुरे झालं.

भावोजी : पडदा ओढून ठेवणार. आणि दुपारी परत फळीवर नाही नेणार. असू दे तिथेच. आली की दिसेल तिला.