वाणाचे डबे

एसटी चिखलीहून निघाली तेव्हा मागच्या बाकावरचे पुंजाजी अन् फारुखभाई चांगलेच भिडले होते.

"सरकारी वकील असावी तर प्रेरणाताईसारखी, फारुखभाई. सभापतीचा जामीन होऊ देला नाही."

लेकीचं नाव ऐकून पुढच्या बाकावरच्या कोकिळाबाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"तिले निवडणुकीले उभं राह्यचं हाय, पुंजाजी."

"मंग आधीच्या वकिलानं त्याले काऊन सोडलं?"

"त्याले बी तिकीटच पायजे होतं."

"धरलं तरी तिकीट, सोडलं तरी तिकीट? अन् सभापतीनं शाळेतल्या पोरांचा तांदूळ खाल्ला, ते?"

"खाल्लाच. मी कुठं नाही म्हनलो?"

"मंग बाई खरी हाय."

"पाहू ना. संक्रांतीले गावभराच्या बायांले हळदीकुंकवाले बोलावलं, का समजून जाय."

"नाही बोलावनार. लाव पैज."

गाडी खड्ड्यात आदळली. पिशवीतले डबे खडखडले. झाकणांवर छापलेल्या प्रेरणाच्या नावावर कोकिळाबाईंनी पदर ओढला.

"मावशी, पिशवी वर ठेवून देऊ का?" पुंजाजीनं विचारलं.

"राहू द्या भाऊ. लेकीचं सामान हाय."

"काय करते लेक?"

कोकिळाबाईंनी पदराचं टोक पिशवीत खोचलं.

"सासरी असते," त्या म्हणाल्या.