हिरवा ठिपका

उभे का? बसा की त्या खुर्चीवर. ती आत आहे, बाथरूममध्ये — येईल, पण वेळ लागेल, आधीच सांगून ठेवते. आणि माझ्या हाताकडे असं बघू नका, भाऊ. हो, लेकीचाच माऊस आहे, आणि मीच हलवतेय. कंपनीचा माणूस दारात आला म्हणून थांबू होय? थांबले की दोन मिनिटांत स्क्रीनच्या कोपऱ्यातला तो हिरवा ठिपका पिवळा होतो, आणि तिकडे तिच्या नावापुढे ‘जागेवर नाही’ लागतं — तुम्हाला काय सांगायचं, तुमचंच तर कार्टं ते!

चोरी म्हणा. म्हणा ना! पण आधी ऐका. पोरगी कामचुकार नाही माझी. विम्याचे फॉर्म भरते दिवसभर, सकाळी आठला बसली की खिळा ठोकल्यासारखी. लघवीला जाऊन यायला माणसाला किती वेळ लागतो? तुम्हीही जात असालच की. दोन मिनिटांत होतं तुमचं? मग हिनं काय करावं — पाणीच सोडलं. संध्याकाळी बाटली बघावी तर सकाळी भरलेली तशीच. झाला मुतखडा. जमिनीवर लोळत होती हो, आणि एक डोळा त्या ठिपक्यावर! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज तीन लिटर पाणी, नाहीतर मूत्रपिंड जाईल. आता तीन लिटर आत गेलं तर बाहेर नको यायला? रजा मागितली, तर म्हणे पुढच्या महिन्यात कायम कोणाला करायचं ते ठरणार आहे, बघा बाई तुमचं तुम्ही.

म्हणून मी बसते. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. ओटा पुसतात तसा गोल गोल फिरवते — बटण दाबायचं नाही, एवढंच तिनं शिकवलंय. मीसुद्धा वीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात काढली. आमचा मुकादम मेला पाठीमागे उभा असायचा, पण चहाला तरी जायचा! त्याला पोट होतं, त्याच्याशी भांडता यायचं. ह्या ठिपक्याशी कुठल्या तोंडानं भांडू?

आणि तो वरचा कॅमेरा, दर दहा मिनिटांनी फोटो काढणारा — त्यावर तेलाचं बोटही मीच फिरवलं. असं — हे असं. धुरकट दिसलं की आई बसलीय का लेक, कोणाला कळतंय? तिला नाही हो माहीत ते! तिला नका धरू. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा.

...काय म्हणालात?

ही पिशवीतली डबी? नवा कॅमेरा? फोटो धुरकट येतात म्हणून — फक्त तो बदलायला आलात?

म्हणजे माऊसचं तिकडे कोणालाच...

भाऊ, मोबाईल ठेवा खाली. मी बाई बडबडी आहे, काहीही बोलते. ऐकलं त्याची नोंद करावीच लागते तुम्हाला? बरं, तुमच्याही मागे असाच ठिपका आहे का?

अगं बाई, हात कधी थांबला माझा — पिवळा झाला की हो!

काय गं? ...हो, हिरवाच आहे. सावकाश ये तू.