दिवस बुडायच्या आत फोन

वाशीमच्या स्टँडवर आसेगावची गाडी काही लागत नव्हती, आणि मागच्या बाकावरचं बोलणं रुचिकाच्या कानावर आपसूक पडत होतं. जैन गुरुकुलाची वेबसाइट नव्याने करायला घेतलेला संयम तिथल्या स्वयंपाकीणबाईंना विचारत होता.

"भागिरथीकाकू, साऱ्या स्टाफले विचारून राह्यलो. नव्या साइटवर काय पायजे?"

"मायबापाईनं फोन कवा करावा, ते लिव. सगळ्यात वरती."

"टाइम हाये ना जुन्या साइटवर. संध्याकाळी सात ते आठ."

"सातले काय कामाचा? माय इचारते, पोरगं जेवलं का. रुसून उपाशी बसलं असन, तं मी काय करू? दिवस बुडाल्यावर आपल्या गुरुकुलात ताट वाढत नाही. पाचले फोन आला, तं माय त्याची समजूत घालन, मी वाढीन."

"हे आतापर्यंत कोनी बोललंच नाही."

"मले कोनी इचारलं नाही. तू तिथं शिकाले होता, तवा तुह्या मायचा फोनबी सातलेच येत जाय."

"मी जेवलो नसलो, तं तुमी तिले काय सांगत होत्या?"

"जेवला म्हनून."