मीठ भरलेलं पाणी

चहात साखर ढवळताना मला आईचा एक प्रश्न आठवतो बघा. ऐंशी सालाच्या आसपास मी कॅनडात पोटॅशच्या खाणीवर होतो. चार वर्षांनी गावी, कापड्याला आलो. घरात आई एकटीच.

"पत्र का नाय धाडलंस रे?"

"कामानं डोकं भरलेलं असतं गो, दुसऱ्या कशाला जागाच राहत नाही."

खरं तर तिकडे बर्फात खाणीतल्या पंपाशिवाय सोबत नव्हती. लिहायला बसलं की रडू यायचं, म्हणून लिहीत नव्हतो. पण हे आईला कोण सांगणार?

"असं काय काम हाय?"

"जमिनीखाली मीठ आणि खताचं पोटॅश एकत्र असतं. आम्ही मीठ भरलेलं पाणी खाली सोडतो. ते आणखी मीठ घेत नाही, नेमकं पोटॅश घेऊन वर येतं."

तिला पटेना. मग मी पेलाभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं, वर चिमूटभर साखर टाकून ढवळलं. साखर विरघळली, मीठ तळाशीच.

"म्हंजे भरलेल्या पाण्यातपण दुसऱ्याला जागा असते?"

"असते की!" मी खुशीत.

"मंग माझ्यापुरती कशी नाय रे ऱ्हायली?"

तेव्हा तरी खरं सांगून टाकायचं ना! मी आपला रिकामाच चमचा फिरवत बसलो.